कॅमेऱ्याची फोमची पिशवी आणि घाटाखालचा पाऊस

कॅमेऱ्यासाठी कापडी पिशवी शिवायची म्हटले की विचाराची सुरुवात धक्क्यापासून होते. कॅमेरा हातातून निसटेल, दगडावर आपटेल किंवा प्रवासात इतर सामानाखाली दाबला जाईल, या भीतीपोटी पिशवी जितकी जाड आणि मऊ तितकी ती चांगली, असा समज रूढ झाला आहे. कोरड्या मुलखात हा समज फारसा चुकत नाही. परंतु रायगड जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत तो अंगाशी येऊ शकतो. माथेरानचे पठार कर्जत तालुक्यातच मोडते आणि तेथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ दुप्पट, पाऊस होतो. पायथ्याच्या कर्जत-खोपोलीतही हा आकडा तीन हजारांच्या पुढे जातो, आणि हे पाणी बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळते. कोंडाणे लेणी, पेठचा कोथळीगड, इर्शाळगड, राजमाचीची वाट अशा ठिकाणी कॅमेरे घेऊन लोकांची गर्दी होते तीही याच महिन्यांत. त्यामुळे येथील पिशवीला धक्क्याबरोबर बाहेरचे पाणी आणि आतली दमट हवा यांनाही तोंड द्यावे लागते, आणि या तिघांपैकी कॅमेऱ्याचे सर्वाधिक नुकसान करते ती दमट हवाच.

या भागातील जुन्या छायाचित्रांचा संबंध रेल्वेच्या कामाशी येतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि बोरघाटाच्या चढणीचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. घाटाच्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवले, आणि या कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह ॲलिस ट्रेडवेल यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या काळी ओल्या काचेची पद्धत प्रचलित होती. काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर सुकण्याआधी, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, चित्र टिपून ते रसायनांनी धुवून काढायचे, असा तो खटाटोप असे; साहजिकच कॅमेऱ्याबरोबर काचा, बाटल्या आणि अंधारा तंबू असा सारा पसारा लाकडी पेट्यांतून वाहून न्यावा लागे. खांद्याला अडकवायच्या पिशवीला अर्थ आला तो कॅमेरा मुठीत मावू लागल्यावर. १९२५ मध्ये लायका बाजारात आल्यानंतर लहान कॅमेऱ्यांची चलती झाली, त्यांच्याबरोबर चामड्याची बेतीव केस आली, आणि भारतात घरोघरी पोहोचलेल्या आग्फाच्या क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्यालाही तशीच केस मिळत असे. कोकणच्या हवेत मात्र चामड्यावर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीची पांढरी साय धरते, त्यामुळे चामडे देखणे असले तरी या मुलखाचे नव्हे.

कॅमेऱ्याला फोमचे किंवा कापसाचे थर असलेले कापड पांघरण्याची एक निराळी परंपरा चित्रपटसृष्टीतही होती, आणि ती सृष्टी या भागाला परकी नाही. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये खालापूर तालुक्यात चौकजवळ उभारलेला एन. डी. स्टुडिओ, जो लोकांच्या तोंडी कर्जतचा स्टुडिओ म्हणूनच आहे, तेथे २००८ च्या ‘जोधा अकबर’चे भव्य देखावे उभे राहिले. फिल्मवर चित्रण होत असे त्या काळात कॅमेऱ्यातून फिल्म धावताना खडखडाट होई आणि तो संवादांच्या ध्वनिमुद्रणात शिरे. म्हणून कॅमेऱ्यावर टाके घालून शिवलेले जाड पांघरूण चढवत, त्याला चित्रीकरणाच्या धंद्यात ‘बार्नी’ म्हणत. भारतात दीर्घकाळ वापरात असलेला ॲरिफ्लेक्स २-सी हा कॅमेरा इतका आवाज करणारा होता की संवाद नंतर स्टुडिओत भरण्याची रीतच पडून गेली. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म धावत नाही, त्यामुळे बार्नीची गरज उरली नाही. तरी कापडाच्या थरांनी ध्वनीची ऊर्जा जिरवण्यामागचे तत्त्व आणि फोमने धक्क्याची ऊर्जा जिरवण्यामागचे तत्त्व फार दूरचे नाही.

धक्का शोषून घेणे म्हणजे काय, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. पडणारी वस्तू जमिनीला टेकताना शून्य वेगावर येते, आणि ती जितक्या कमी अंतरात थांबते तितका तिच्यावरचा ताण अधिक असतो. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर केले की हा ताण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण किती पट आहे, ते कळते. एक मीटरवरून पडलेला उघडा कॅमेरा फरशीवर एक मिलिमीटरच्या आत थांबला, तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट ताण येतो; दहा मिलिमीटर जाडीचा फोम दबून त्याला सहा मिलिमीटर अंतर मिळाले, तर तोच ताण सुमारे १६७ पटींवर उतरतो. मात्र फोम फार मऊ असेल तर तो पूर्ण दबून कॅमेरा तळाला टेकतो आणि जाडी फुकट जाते, आणि फार कडक असेल तर तो दबतच नाही. बाजारात फोम ‘डेन्सिटी’च्या आकड्याने विकला जातो, म्हणजे एका घनमीटरचे वजन किती किलो, त्यावरून ३२ किंवा ४० डेन्सिटी असे म्हणतात. एक किलोच्या आतबाहेर वजनाच्या कॅमेऱ्यासाठी अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर निम्म्यापर्यंत जाणारा आणि अंगठा उचलताच पूर्ववत होणारा फोम निवडावा. आकड्यापेक्षा ही परीक्षा अधिक भरवशाची आहे.

डेन्सिटीपेक्षाही फोमची जात महत्त्वाची. गादी आणि सोफ्यात घालतात तो पॉलियुरेथेन फोम खुल्या पेशींचा असतो, म्हणजे त्याच्या आतील बुडबुडे एकमेकांत उघडतात, त्यामुळे पाणी लागले की तो ते पिऊन घेतो आणि पावसाळी हवेत अनेक दिवस सोडत नाही. याच फोमचे काही प्रकार दमट हवेत काही वर्षांनी आपोआप विघटित होऊन चिकट भुकटी बनतात. जुनी कॅमेरा-बॅग उघडल्यावर हाताला लागणारा काळा चिकटा बहुतेकदा त्याचाच असतो. याउलट ईव्हीए नावाचा रबरासारखा फोम बंद पेशींचा असतो, त्यात पाणी शिरत नाही आणि वरचे पाणी फडक्याने पुसता येते. लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या, एकमेकींत अडकणाऱ्या रंगीत चटया बहुधा याच फोमच्या आणि दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या असतात, त्यामुळे तो शोधत लांब जाण्याची गरज पडत नाही. नव्या वस्तूंच्या खोक्यात येणारा पांढरा पॅकिंग फोमही बंद पेशींचा असतो, पण तो वारंवार दबल्यावर चपटा राहतो.

घरात आयती असलेली जुनी गोधडी कापून तिची पिशवी करण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि धावदोऱ्याने शिवलेले ते थर दिसतातही सुंदर. परंतु सुती धागा हवेतील ओल धरून ठेवतो. प्रयोगशाळेत प्रमाण मानलेल्या ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरतो, पॉलिस्टर मात्र जेमतेम ०.४ टक्के, घाटाखालच्या जुलैत तर हवा याहून कितीतरी ओली असते. गोधडीत गुंडाळलेला कॅमेरा म्हणजे बंद जागेत ओलाव्याच्या साठ्याशेजारी ठेवलेले भिंग, आणि बुरशीला वाढीसाठी ओलसर, अंधारी, हवा न खेळणारी अशीच जागा लागते. ही बुरशी भिंगावरील धूळ आणि बोटांच्या तेलकट डागांवर जगते आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप कुरतडतात, त्यामुळे भिंग नंतर पुसून स्वच्छ झाले तरी जाळीसारखा डाग कायमचा राहू शकतो. गोधडी कोरड्या दिवसांत वापरावी. पावसाळ्यासाठी ती नको.

बाहेरच्या थरासाठी कापड निवडताना मजबुती, पाणी आणि सुकण्याचा वेग या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. कर्जत लोकलच्याच मार्गावरील उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध असल्याने जीन्सचे कापड या भागाला परके नाही, पण ते सुती असते आणि भिजल्यावर जड होते. माथेरानच्या जांभ्या दगडाच्या लाल धुळीत, ऑक्टोबर ते मे या काळात, ते उत्तम. पावसासाठी नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, आतून लेप दिलेले, बॅगचे कापड घ्यावे. रेक्झीन पाणी थोपवते, पण त्याच्या घड्यांना काही वर्षांत भेगा पडतात, आणि नायलॉनच्या आतला पॉलियुरेथेनचा लेपही दमट हवेत कालांतराने चिकट होऊन सुटतो. कोणतीही पिशवी आयुष्यभराची समजू नये. अस्तर गुळगुळीत आणि फिक्या रंगाचे असावे. मखमल किंवा फ्लॅनेल हाताला सुखद वाटते, पण त्यातून तंतू सुटतात आणि धूळ रुतून बसते. काळ्या अस्तरात तर पडलेला स्क्रू किंवा मेमरी कार्ड सापडतही नाही.

मापांचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही आणि घरगुती पिशव्या बिघडतात त्या बहुधा येथेच. उदाहरणादाखल कॅननचा ईओएस १५००डी हा सर्रास दिसणारा कॅमेरा घेतला, तर तो सुमारे १३ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे, आणि पुढचे १८-५५ चे भिंग धरून त्याची एकूण खोली १४ सेंटिमीटरच्या घरात जाते. भिंग खाली करून कॅमेरा वरून आत सोडायचा, अशी पिशवी बेतल्यास प्रत्येक मापात एक सेंटिमीटर सैल धरून आतील तोंड १४ बाय ११ आणि आतील उंची १५ सेंटिमीटर येते. अस्तराचा घेर ५० सेंटिमीटर झाला. परंतु एक सेंटिमीटर जाडीचा फोम चारही बाजूंनी आला की बाहेरचे तोंड १६ बाय १३ होते आणि बाहेरच्या कापडाचा घेर ५८ सेंटिमीटर लागतो. चौकोनी पिशवीत हा फरक फोमच्या जाडीच्या आठ पट असतो. दोन्ही कापडे एकाच मापाची कापली तर एकतर अस्तराला आत चुण्या पडतात किंवा बाहेरचे कापड ओढून फोम चेपला जातो. शिवणीसाठी कडेने सोडायच्या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. ती दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटिमीटर धरली की अस्तराची पट्टी ५३ आणि बाहेरची ६१ सेंटिमीटर कापावी लागते. मापे आधी वर्तमानपत्राच्या कागदावर आखून, कागद चिकटपट्टीने जोडून, त्यात कॅमेरा घालून पाहावा, कारण चुकलेला कागद फेकता येतो.

शिवताना पाळायचा पहिला नियम असा की फोम शिवणीत घेऊ नये. फोमची तावदाने मायेच्या आत बसतील इतकी लहान कापली म्हणजे शिवण फक्त कापडांतून जाते, सुई अडकत नाही आणि कोपरे फुगत नाहीत. घरगुती मशीनवर १६ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटरचा टाका ठेवावा, आणि मशीनच्या पायाचा दाब थोडा कमी करावा. लेप दिलेल्या कापडावर बारीक टाके घातले तर ती शिवण टपाल तिकिटाच्या कडेसारखी सहज फाटते, म्हणून टाका मोठा हवा. अशा कापडाला टाचण्याही लावू नयेत, कारण त्यांची भोके बुजत नाहीत. कपडे वाळत घालण्याचे चिमटे त्या जागी चांगले काम देतात. रेक्झीनवर मशीनचा पाय चिकटून टाके जागच्या जागी पडू लागले तर वर पातळ कागद ठेवून टीप मारावी आणि नंतर तो फाडून काढावा.

पाणी कापडातून क्वचित आणि शिवणींतून व चेनमधून नेहमी शिरते. सुईने पडलेले प्रत्येक भोक ही एक वाट असते, म्हणून शिवणी शक्यतो वरच्या बाजूला न आणता बाजूंना व खाली न्याव्यात आणि आतून मेण किंवा शिवण बुजवण्याचा पातळ लेप द्यावा. चेनचे तोंड कितीही चांगले असले तरी उभ्या पावसात ते गळतेच. त्यामुळे चेनवरून तीन-चार बोटे खाली उतरणारे झाकण शिवावे. भात लावणीच्या वेळी या भागात पाठीवर घेतले जाणारे इरले याच तत्त्वावर चालते. बांबूच्या कामट्या आणि पाने यांत फटी असतातच, पण वरचा थर खालच्यावर चढवलेला असल्याने पाणी आत न शिरता उतरून जाते. पाणी अडवण्याच्या अट्टहासापेक्षा ते वाहून जाऊ देणे सोपे पडते, आणि पिशवीच्या झाकणाची दिशा ठरवताना एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. चेनच्या आतल्या बाजूला कापडाची एक अरुंद पट्टी धरावी, म्हणजे धातूचे दात कॅमेऱ्याच्या अंगावर ओरखडे काढत नाहीत.

पट्टा हा पिशवीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तो बाजूच्या शिवणीत नुसता खोचून शिवला तर कॅमेऱ्याचे सगळे वजन, चालताना बसणाऱ्या हिसक्यांसह, त्या एका शिवणीवर येते आणि एखाद्या दिवशी ती उसवते. त्यापेक्षा नायलॉनचा दीड इंच रुंद पट्टा एका बाजूने खाली, बुडाखालून आणि दुसऱ्या बाजूने वर असा अखंड नेला म्हणजे वजन पट्ट्यावर राहते आणि पिशवी त्यावर नुसती बसते. पट्टा कापडाला जोडताना चौकोनी टीप मारून त्यात फुली काढावी. घरच्या मशीनला एवढी जाडी पेलत नसेल तर हे काम बाजारातील चांभाराकडे द्यावे. आरीने भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने दोन्ही बाजूंनी घातलेला त्याचा टाका असा असतो की एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो, आणि मशीनच्या टाक्यात हा गुण नाही.

एवढे करूनही पिशवी भिजणार, हे गृहीत धरून ती बेतणे शहाणपणाचे. अस्तर आणि बाहेरचे कापड यांच्यामध्ये फोम कायमचा शिवून न टाकता वरची कड उघडी असलेले खिसे ठेवावेत आणि त्यांत फोमची तावदाने सरकवावीत, म्हणजे घरी आल्यावर ती काढून पुसता येतात आणि कापड धुवून वाळत घालता येते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पिशव्यांत ही सोय नसते, आणि घरी शिवण्याचे खरे कारण, पैशांची बचत सोडून, हेच आहे.

फोमचा एक फायदा मात्र पावसाळ्यातच कळतो. वातानुकूलित गाडीतून किंवा कर्जत परिसरातील फार्महाऊसच्या थंड खोलीतून कॅमेरा एकदम बाहेरच्या ऊबदार दमट हवेत काढला की थंड भिंगावर बाष्प साचते, आणि ते आतल्या भिंगांवर साचले तर पुसताही येत नाही. फोम उष्णता हळूहळू जाऊ देतो. म्हणून कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवावा आणि मगच उघडावा.

पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसाठी जाळीचा लहान कप्पा ठेवावा. हे दाणे हवेतील बाष्प पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि ते भरले की सुमारे १२० अंश सेल्सियसला तापवून पुन्हा वापरता येतात. नारिंगीचे हिरवे होणारे दाणे घ्यावेत, कारण निळ्याचे गुलाबी होणाऱ्या दाण्यांत आरोग्यास अपायकारक कोबाल्टचा क्षार असतो. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे आणि येथील भाताच्या वाणांना तालुक्याचेच नाव आहे, तरी भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा प्रचलित उपाय येथेही फसवाच: पावसाळ्यातील तांदळाने हवेतील ओल आधीच घेतलेली असते आणि त्याची पिठूळ धूळ कॅमेऱ्याच्या फटींत शिरते. कपाटातील डांबरगोळ्याही कॅमेऱ्याजवळ ठेवू नयेत, अशी सूचना कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्या देतात.

पिशवी प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नसते. घरी पोहोचल्यावर कॅमेरा बाहेर काढून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि पिशवी उलटी करून पंख्याखाली टांगावी. ज्यांना स्वतः शिवणे जमणार नाही, त्यांनी कागदी नमुना, फोम आणि कापड घेऊन गावातील शिंप्याकडे मार्चमध्येच जावे, कारण एप्रिल-मे लग्नसराईत आणि जून शाळेच्या गणवेशांत जातो, आणि तोवर घाटात पाऊस सुरू झालेला असतो.